आमच्या ब्रिजचा चौथा गडी

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आमच्या घरात एकच विषय होता: सूनबाईनं सांगलीला नोकरीला जायचं का नाही. तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला जागा मिळाली होती. रक्त-लघवी तपासायचं शिक्षण तिनं लग्नाआधीच सांगलीत घेतलेलं. दिवाळीच्या आत हजर व्हायचं होतं. मी नाही म्हणालो. घर कोण बघणार, असं कारण दिलं. खरं कारण ब्रिज होतं. सूनबाई गेली असती तर आमच्या डावाचा चौथा गडी गेला असता, आणि तीन माणसांत ब्रिज होत नाही. हे खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

कोरेगाव तालुक्यातल्या उसाच्या गावात ब्रिज कुठनं आला, हे आधी सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. तीही बापानं मारून मुटकून केलेली. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झालो आणि ड्रायव्हर झालो. पहिल्याच हिवाळ्यात वर हिमाचलात बर्फानं रस्ता बंद झाला. गाड्या उभ्या, आम्ही बराकीत. युनिटच्या कचेरीत केरळचा एक क्लार्क होता. त्याला ब्रिजचं लय वेड, आणि त्याचा एक गडी सुट्टीवर गेलेला. मी पत्ते पिसताना त्यानं बघितलं आणि मला धरून बसवलं.

मला मेंढीकोट येत होता. आमच्या गावात मेंढीकोट म्हणजे खुणांचा खेळ. दहिल्ला हातात असला की कान खाजवायचा, एक्का असला की मिशीवरनं बोट फिरवायचं, हुकूम संपला की खोकायचं. समोरच्या भिडूला खूण कळली पाहिजे आणि शेजारच्याला कळता कामा नये, ह्यातच सगळी हुशारी. तर मी पहिल्याच डावाला मिशीवरनं बोट फिरवलं. क्लार्कनं पानं खाली ठेवली.

"ये क्या है?"

"एक्का हाय," मी सांगून टाकलं.

"ये चोरी है."

मी म्हणालो, "हमारे इधर इसीको खेल बोलते है."

तो हसला नाही. ब्रिजमध्ये भिडूच्या तोंडाकडं बघायचं नाही, भुवई हलवायची नाही, पान आपटायचं नाही, श्वास मोठा सोडायचा नाही. भिडूला जे सांगायचं ते बोलीतनं सांगायचं, आणि ती बोली चौघांनाही ऐकू गेली पाहिजे. हे मला पटायला सगळा हिवाळा गेला. आधी वाटलं, हा बायकी शिस्तीचा खेळ आहे. मग एकदा कळलं की चोरून सांगणं सोपं आहे, सगळ्यांच्या देखत सांगणं अवघड. तेव्हापासून मेंढीकोटाला मी हात लावलेला नाही.

खेळ असा. चौघं, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. प्रत्येकाला तेरा पानं. खेळायच्या आधी बोली लागते. कोणता रंग हुकूम आणि त्या हुकमावर आपण किती हात करणार, ते सांगायचं. सहा हात धरूनच चालायचे, त्याच्या वरचे बोलायचे. 'चार बदाम' म्हणजे बदाम हुकूम आणि दहा हात करीन. आकडा सारखा असेल तर इस्पिक बदामाच्या वर. ज्याची बोली सगळ्यात वर जाते त्या जोडीचा डाव. त्या जोडीत तो रंग ज्यानं पहिल्यांदा सांगितला तो खेळतो, आणि त्याचा भिडू आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडून गप बसतो. त्या गप बसणाऱ्याला डमी म्हणतात. खेळणारा म्हणेल ते पान डमीनं पुढं करायचं. तोंड उघडायचं नाही.

मला डमी व्हायला कधी आवडलं नाही. क्लार्क म्हणायचा, तू बोली हात बघून लावत नाहीस, खेळायला मिळावं म्हणून लावतोस. तो काही म्हणो. खेळायला बसायचं आणि पानं मांडून बघत राहायचं, ह्यात काय अर्थ आहे?

इतिहास त्यानंच सांगितला. विलायतेत व्हिस्ट नावाचा एक जुना खेळ होता, त्यात बोली नव्हती. वाटताना शेवटचं पान उघडायचं, तोच हुकूम. त्यातनं हा निघाला. पुढं कुणा अमेरिकन शेठनं जहाजातनं लांबच्या प्रवासाला जाताना गुणांची नवी रीत बसवली, त्याला शंभरेक वर्षं झाली. गोऱ्या साहेबांनी तो आपल्याकडं क्लबात आणला. साहेब गेले, क्लब राहिले. क्लबातनं तो वकील-डॉक्टरांकडं गेला, पलटणीत गेला आणि पलटणीतनं माझ्या ट्रंकेत बसून आमच्या गावाला आला. नावावरनं मात्र आमचं अजून भांडण आहे. गुरुजी म्हणतात, हे नाव पुलावरनं नाही, तिकडच्या तुर्की-रशियन कुठल्याशा शब्दावरनं आलंय, त्यांनी पुस्तकात वाचलंय. मी म्हणतो, दोन भिडू दोन काठांवर आणि मधी बोली, हा पूल नाही तर काय? गुरुजी पुस्तक आणून दाखवतो म्हणतात. आणा म्हणावं.

गुरुजी म्हणजे आमच्या शेजारचे, हायस्कूलमधनं रिटायर झालेले. दुसरे डॉक्टर, जनावरांचे. तिसरा एस.टी.चा कंडक्टर, त्याला मी शिकवला. चौथा मी. फौजेतनं आलेल्या कुणालाही आमच्याकडं मेजर म्हणतात. मी नाईक म्हणून आलो, तरी मेजरच. गुरुजी आणि डॉक्टर एका बाजूला, मी आणि कंडक्टर एका बाजूला. आमच्या घराच्या सोप्यात रोज तिसऱ्या प्रहरी डाव बसायचा. ऊस लागणीत असो, तोडीत असो, डाव चुकला नाही.

मग कंडक्टर पिंपरीला पोराकडं राहायला गेला, आणि सोपा रिकामा पडला. गुरुजी यायचे, डॉक्टर यायचे, चहा व्हायचा, पत्त्याचा जोड मधी पडलेला असायचा आणि आम्ही तिघं उसाच्या भावावर बोलत बसायचो. असा महिना गेला. एक दिवस बायको चहाचे कप उचलताना म्हणाली,

"आपल्या सूनबाईला येतंय की."

"काय येतंय?"

"हेच तुमचं. रोज राती तिकडं त्याच्यासंगं फोनवर खेळत असते. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक नव्हतं. माझा पोरगा फौजेत, तेव्हा आसामात होता. त्याला ब्रिज मी शिकवलेला. त्यानं लग्नानंतर बायकोला मोबाईलवर शिकवला. एक भिडू आसामात, एक आमच्या माजघरात. समोर कुठले अनोळखी दोघं, ते कदाचित विलायतेत. मला ते काही पटलं नाही, पण डॉक्टर लगेच सरसावले.

"मेजर, बोलवा की मग! घरात चौथा असून आमी महिनाभर ऊस मोजत बसलोय."

आता आमच्या घरातली रीत सांगतो. सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. सासऱ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं-मागायचं असेल तर सासूकडनं येतं. तिचं माहेर आटपाडीकडचं, शेरडं-मेंढरं राखणारं घर, तिकडं एवढं कडक नाही. पण आमच्याकडं आल्यावर तिनं सगळं पाळलं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि माझ्याशी ती एका वेळी चार शब्दांच्या वर बोललेली मला आठवत नव्हती. आणि ब्रिजमध्ये भिडू समोर बसतो, बरोबर समोर.

पहिल्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन आली आणि टेबलाशेजारी उभीच राहिली. खुर्ची रिकामी. गुरुजी म्हणाले, बसा. ती बसेना. मी खाली बघत पत्ते पिसत होतो. शेवटी बायको आतनं ओरडली,

"आगं, टेबलावरचा खेळ हाय तर खुर्चीच लागंल! त्यांच्यासाठी आता आमी टेबलाचं पाय कापायचं का? बस गप."

ती बसली.

आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ह्या खेळाला तिच्याइतका चांगला गडी आमच्यात कुणी नाही. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हे मला शिकायला हिवाळा लागला; ती ते आमच्या घरात आल्यापासून करतच होती. एक्का येवो, दुर्री येवो, मान खाली, चेहरा तसाच. डॉक्टर तिच्याकडं बघून हताश व्हायचे. "मेजर, ह्या पोरीकडनं काय कळतच न्हाई. तुमी बरं, चांगली पानं आली की तुमचं नाक फुगतं." माझं नाक फुगत नाही.

गावात चर्चा झाली. सुनेला पत्त्यावर बसवतोय म्हातारा. भावकीतला एक जण पारावर मला ऐकू जाईल असं बोलला. मी उलटा फिरून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा सोपा, माझे पत्ते, माझी सून. तुझं ह्यात काय हाय?" त्याचं काहीच नव्हतं. नंतर कुणी बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

दीड वर्ष असं बरं चाललं. आमची जोडी जिंकायचीही. फक्त एक गोष्ट होती, आणि ती डॉक्टरांनी पहिल्यांदा पकडली. एका डावाला मी इस्पिक बोललो, तिनं इस्पिकच वर चढवलं, मी चार इस्पिकाला गेलो आणि दोन हातांनी पडलो, म्हणजे बोलीपेक्षा दोन हात कमी झाले. पानं उघडल्यावर डॉक्टरांनी तिची पानं बोटानं सारखी केली.

"सूनबाई, एक्का-राजासकट सहा बदाम! तुमच्याकडं बदामाचा किल्ला होता की. मग बदाम का न्हाई बोलला?"

ती हळूच म्हणाली, "आबांनी इस्पिक म्हणलं होतं."

"आवं, आबांनी म्हणलं म्हणून काय झालं? तुमचा रंग तुमी सांगायचा, त्यांचा त्यांनी. मग दोघांनी मिळून ठरवायचं. त्यालाच बोली म्हणत्यात."

मी म्हणालो, "इस्पिकाला काय वाईट हाय? पानं वाईट बसली."

मोबाईलवर पोराबरोबर ती असं खेळत नव्हती, हे मला पुढं कळलं. तिथं ती त्याचा रंग बिनदिक्कत मोडायची. माझ्यासमोर मात्र मी जो रंग बोललो तोच तिचा. मी बिनहुकूम म्हणालो तर ती बिनहुकूम. नियमात बसणारी चूक होती ती. नियमात बसत होती म्हणून कुणी तिला चूक म्हणू शकत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते बरं होतं. जवळजवळ प्रत्येक डाव मी खेळायचो आणि ती पानं मांडून गप बसायची.

मग सांगलीचं पत्र आलं. नेहमीच्या रीतीनं ते बायकोकडनं माझ्यापर्यंत आलं. जेवताना ती म्हणाली, "सूनबाईला सांगलीला जागा मिळालीया. जाऊ दे म्हणत्या."

"जाऊ दे म्हणत्या का विचारत्या?"

"विचारत्या."

"मग न्हाई. घर कोण बघणार?"

बायकोनं भाकरी मोडायची थांबवली. "घर मी बघते. चाळीस वर्षं कोण बघत होतं? तुमचा चौथा कोण, ते सांगा."

मी पाणी प्यायलो. "साताऱ्यात न्हाई का कुठं लॅब?"

"विचारलं तिनं चार ठिकाणी. जागा न्हाई. सांगलीत तिला शिकवणाऱ्या बाई हायत, त्यांनी बोलवलंय. पोराचं बी हो हाय. तुमचंच राहिलंय."

"माझं न्हाई हाय."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता, तो परत सुरू झाला. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सूनबाई वेळेवर येऊन खुर्चीत बसली, मी इस्पिक बोललो, तिनं इस्पिक चढवलं. चेहरा तसाच. मी गुरुजींकडं बघितलं तर ते छताकडं बघत होते.

त्यातच सांगलीला एका मंडळानं जोड्यांची स्पर्धा भरवली. दसरा झाल्यावरचा रविवार. डॉक्टरांनी दोन जोड्यांची नावं परस्पर देऊन टाकली. मला सांगलीच्या क्लबवाल्यांबरोबर एकदा बसायचंच होतं. इतकी वर्षं सोप्यात खेळलो, आपण कुठं आहोत हे बघायची हौस असतेच. जाताना रेल्वेत सूनबाई खिडकीशी बसली होती. किर्लोस्करवाडी मागं पडल्यावर ती बाहेर जास्त बघायला लागली. ती गावं तिच्या ओळखीची होती.

एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. नेहमी लग्नाच्या पंगती बसतात त्या जागेत तीसेक टेबलं आणि काही आवाज नाही. तिथली एक रीत मला नवीन होती. बोली तोंडानं लावायची नाही. प्रत्येकाच्या कोपऱ्याला एक छोटा डबा अडकवलेला, त्यात बोलीची पानं ओळीनं छापलेली: एक किलवर, एक चौकट, एक बदाम, असं सातापर्यंत. जी बोली लावायची ते पान काढून टेबलावर ठेवायचं, बोलायचं काही नाही. आवाजातनं सुद्धा भिडूला काही कळू नये म्हणून. क्लार्क असता तर खूश झाला असता.

सकाळचे डाव साधारण गेले. मी इस्पिक ठेवलं की ती इस्पिक ठेवायची. दोनदा वर गेलो, तीनदा पडलो. जेवण झाल्यावर आम्ही एका चष्मेवाल्या बाईंच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या टेबलावर गेलो. दोघंही सांगलीचे, सत्तरीकडचे, बरीच वर्षं एकत्र खेळणारे. बाईंनी सूनबाईला विचारलं, "आजोबा कोण तुमचे?"

"सासरे."

"सासऱ्याची भिडू?" बाई नवऱ्याकडं वळल्या. "बघा, नाहीतर तुम्ही. बायकोबरोबर खेळायला कुरकुरता."

पानं वाटली. मला सहा इस्पिक आली, राजा-राणी-गुलामासकट, वर चौकटीचा एक्का, किलवरचा राजा. बदामाचं एकच पान, तेही फालतू. मी डब्यातनं एक इस्पिक काढून ठेवलं. बाई पास.

सूनबाईनं दोन बदाम ठेवलं.

मी ते पान नीट बघितलं. तिनं चुकून शेजारचं काढलं असेल, असं वाटलं. नवीन डबा, बारीक पानं. मी दोन इस्पिक ठेवलं. तिनं तीन बदाम ठेवलं. मी तीन इस्पिक. तिनं चार बदाम.

बाई आणि त्यांचा नवरा पास, पास, पास करत होते. टेबलावर माझ्या बाजूला इस्पिकाची ओळ आणि तिच्या बाजूला बदामाची ओळ, समोरासमोर. दीड वर्षांत तिनं माझ्यासमोर स्वतःचा रंग एकदाही लावला नव्हता, आणि आता तिसऱ्यांदा तोच सांगत होती. मी वर बघितलं. बघायचं नसतं, पण बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. डाव्या हातात पानं घट्ट धरली होती.

मी चार इस्पिक ठेवलं.

का ठेवलं, असं डॉक्टर अजून विचारतात. माझ्याकडं सहा इस्पिक होती, राजापासनं, म्हणून ठेवलं. दुसरं कोणतंही कारण नाही.

तिनं डब्याला हात लावला. मला वाटलं पासचं हिरवं पान निघंल. पाच बदाम निघालं. ते तिनं ओळीच्या टोकाला ठेवलं आणि कडेनं सरळ केलं.

आता माझी पाळी. माझं बोट डब्यात पाच इस्पिकाच्या पानावर होतं. चष्मेवाल्या बाई घड्याळाकडं बघत होत्या. त्या वेळी जे डोक्यात आलं ते बोलीचं नव्हतं. ही पोरगी घरात काही बोलत नाही असं मी समजत होतो. ती बोलत नव्हती कारण बोलायची जागा आम्ही तिला दिली नव्हती. जिथं मिळाली तिथं तिनं एकच गोष्ट चार वेळा सांगितली, आणि तीन वेळा मी आपलंच पुढं केलं, चौथ्यांदाही तेच करायला निघालो होतो. आणि ज्या चौथ्या गड्यासाठी मी तिला अडवून धरलं होतं, तो चौथा गडी दीड वर्षं माझ्या टेबलावर होता कुठं? समोरच्या खुर्चीतनं माझंच इस्पिक परत येत होतं. मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत होतो.

मी पासचं पान ठेवलं.

मग पानं मांडली. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, चार ओळी, तिच्या समोर. मांडून हात मागं घेतला. खेळणाऱ्यानं डमीला सांगायचं असतं, हे पान टाक, ते टाक. सुनेनं सासऱ्याला 'टाका' म्हणायचं कसं, ह्यावर ती क्षणभर अडली. मग म्हणाली, "आबा, लहान चौकट." नुसतं पानाचं नाव. मी लहान चौकट पुढं केली. "आबा, राजा." मी राजा पुढं केला. एकदा मी चुकून आधीच एका पानाकडं हात नेला, तर बाई म्हणाल्या, "आजोबा, डमीनं नाही सुचवायचं." मी हात मांडीवर ठेवला आणि तिथंच ठेवला.

ती सावकाश खेळली. हुकमाची राणी एक हात घेऊन गेली, किलवरचे दोन गेले. बाकी सगळे तिनं ओढले. दहा हात झाले. बोली अकराची होती. एका हातानं डाव पडला.

चष्मेवाल्या बाई पानं गोळा करत म्हणाल्या, "चारलाच थांबायचं की हो आजोबा! चार बदामाला डाव बसला होता."

"चार इस्पिकाला बी बसला असता," मी म्हणालो.

त्यांच्या नवऱ्यानं आपली इस्पिकं उघडून माझ्यासमोर धरली. एक्का, दहिल्ला, अठ्ठा आणि आणखी एक. "हे बघा, कसा बसला असता?"

मी बघितलं नाही. सूनबाई म्हणाली, "राहू द्या काका. पुढचा डाव घ्या." पहिल्यांदाच तिचा आवाज मला टेबलाच्या पलीकडनं नीट ऐकू आला.

राहिलेले डाव आम्ही वेगळे खेळलो. तिनं तिचा रंग सांगितला, मी माझा. कधी तिच्यावर थांबलो, कधी माझ्यावर. आमचा नंबर कितवा आला ते मी विचारलं नाही. गुरुजींनी जाऊन बघितलं आणि काही न बोलता आले, त्यावरनं काय ते समजलं.

परतीच्या गाडीत आम्ही चौघं समोरासमोर बसलो. भिलवडी गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आबा."

बायको घरी होती. मधी कुणी नव्हतं. डॉक्टरांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"काय गं?"

"मी सांगलीला जाणार हाय. दिवाळीच्या आदी हजर व्हायचंय."

विचारत नव्हती. सांगत होती. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. झोप नव्हती, मला माहीत आहे, झोपले की ते घोरतात.

"राहणार कुठं?" मी म्हणालो.

"खोली बघायला लागंल. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत हायत दोन-तीन."

"बघितल्यास का?"

"न्हाई अजून. आज यळच मिळाला न्हाई."

"एकटीनं राहणार?"

"मैत्रीण हाय एक, मिरजेची. ती येणार हाय संगं. शनिवारी-रविवारी मी घरी येईन."

डॉक्टरांनी शेंगेचं टरफल खिडकीबाहेर टाकलं. "म्हणजे मेजर, आता आपला चौथा..."

"तू गप रे," मी म्हणालो. डॉक्टर माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे आहेत, त्यांना मी कधी अरे-तुरे केलेलं नाही. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. पिशवी पुढं करून मूठभर शेंगा सूनबाईच्या ओंजळीत घातल्या. ती खिडकीकडं तोंड करून खायला लागली. ताकारीला चहावाला चढला तेव्हा तिनं चार चहा घेतले, पैसे तिनंच दिले, आणि मी देऊ दिले.

घरी बायको दारातच होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. "काय झालं?"

"पडलो एका हातानं," मी म्हणालो आणि पाय धुवायला मागं गेलो. मागनं दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. सूनबाई काहीतरी सांगत होती आणि सांगताना हसत होती. बहुतेक माझ्या चार इस्पिकाचं असणार. ते चार इस्पिक चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. सहा पानं राजापासनं असल्यावर माणूस दुसरं काय ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी एकटाच परत सांगलीला गेलो. दवाखान्याच्या मागची गल्ली विचारत विचारत शोधली आणि पहिल्या खोलीच्या मालकाला उठवलं. तो बनियनवर किल्ली घेऊन आला. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी एक, दाराला कडी आतनं पण आणि बाहेरनं पण. कडी मी तीन-चार वेळा लावून काढून बघितली.

"कोण राहणार?" मालकानं विचारलं.

"माझी सून. दवाखान्यात लॅबला लागलीया."

"आणि तुम्ही?"

"मी कोरेगावकडचा. मी नुसता बघायला आलोय."

मोरीतला नळ सोडला. बराच वेळ नुसता फुसफुसला, मग धार आली, पण गंजाचं तांबडं पाणी. मालक म्हणाला, पहिल्यांदा तसं येतं, नंतर स्वच्छ होतं. मी उभा राहिलो. तो म्हणाला, बसा की खाली, चहा घ्या. मी म्हणालो, पाणी स्वच्छ झालं की बसतो. ते काही स्वच्छ झालं नाही. मी नळ बंद केला आणि त्याला म्हणालो, शेजारची कुणाची आहे, ती दाखवायला सांगा.